वॉशिंग्टन : एका इंग्रजी स्थलवाचक आडनावाचा उगम आणि इतिहास

प्रस्तावना

आडनावांच्या अभ्यासाकडे बहुधा वंशावळीच्या अभ्यासाचे एक उपांग म्हणून पाहिले जाते. आडनाव कळले की घराणे कळले आणि घराणे कळले की रक्ताचे नाते कळले, असे आपण नकळत धरून चालतो. स्थलवाचक आडनावांच्या बाबतीत हे गृहीतक तपासून घेणे विशेष आवश्यक ठरते, कारण असे आडनाव मुळात रक्ताविषयी काही सांगतच नाही. ते जमिनीविषयी सांगते, आणि जमिनीशी माणसाचे नाते मालकीचे असू शकते, कुळाचे असू शकते, गाव सोडून गेलेल्याचे असू शकते किंवा केवळ इच्छेचे असू शकते.

पदवीच्या वर्गात बुकर टी. वॉशिंग्टन यांचे ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ हे आत्मचरित्र शिकविताना प्रस्तुत लेखकाला विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो : हे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या गुलामांचे वंशज होते काय? आपणही पुष्कळदा ‘गुलामांना मालकाचे आडनाव मिळत असे’ एवढे सांगून पुढे जातो. हे उत्तर सर्वस्वी चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे आणि बुकर यांच्या बाबतीत तर ते लागूच पडत नाही. प्रश्नाचे नीट उत्तर द्यावयाचे तर उत्तर इंग्लंडमधील एका लहान गावापासून आरंभ करावा लागतो. प्रस्तुत लेखात त्या गावापासून अमेरिकेतील मुक्त झालेल्या गुलामांपर्यंत या आडनावाचा झालेला प्रवास मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

गावाचे नाव

वॉशिंग्टन हे गाव ईशान्य इंग्लंडमध्ये विअर नदीच्या परिसरात वसलेले आहे. ते परंपरेने डरहॅम परगण्यात मोडत असे. १९६४ साली ते ‘नवे नगर’ म्हणून घोषित झाले, १९७४ च्या पुनर्रचनेत टाइन अँड विअर परगण्यात गेले आणि आज ते संडरलँड शहराच्या प्रशासनाखाली येते.

या नावाचा कपडे धुण्याशी संबंध जोडण्याचा मोह इंग्रजी भाषकांनाही होतो. तो निराधार आहे. जुन्या इंग्रजीत ‘तून’ म्हणजे कुंपणाने बांधून घेतलेली शेतवाडी. आजच्या इंग्रजीतील ‘टाउन’ आणि जर्मन भाषेतील कुंपणवाचक ‘त्साउन’ हे त्याचेच सगोत्र शब्द. मधला ‘इंग’ हा घटक ‘अमुक माणसाशी संबंधित’ एवढा अर्थ देतो. आरंभीचा घटक कोणा सॅक्सन माणसाचे व्यक्तिनाम असावा असे स्थलनामशास्त्राचे अभ्यासक मानतात व त्या नावाची पुनर्रचना ‘ह्वॅसा’ किंवा ‘वासा’ अशी केली जाते. म्हणजे ‘वासाची वाडी’ असा या गावनावाचा ढोबळ अर्थ होतो. दक्षिणेत ससेक्स परगण्यातही याच नावाचे, याच पद्धतीने बनलेले दुसरे गाव आहे, आणि दोन्ही गावांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. स्थलवाचक आडनावाच्या अभ्यासकाने हा इशारा पहिल्या पायरीवरच ध्यानात घ्यावा. नाव एक असले म्हणजे गाव एक असतेच असे नाही.

हर्टबर्नचा विल्यम

इ. स. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमधील जमीनदार वर्गात स्थलवाचक नावे रूढ होऊ लागली. मराठीत गावाच्या नावाला ‘-कर’ लावून जे साधते, ते तेथे गावाच्या नावाआधी ‘द’ हा फ्रेंच-लॅटिन शब्द जोडून साधले जाई. मात्र हा ‘द’ दोन अगदी भिन्न नाती दाखवीत असे. सरदाराच्या नावात त्याचा अर्थ ‘या गावाचा धनी’ असा होता. सामान्य माणसाच्या नावात त्याचा अर्थ ‘या गावाहून आलेला’ असा होता. गावातच राहणाऱ्या कुळाला गावाचे नाव लावून काय उपयोग? तेथे सारेच त्या गावचे. नाव चिकटे ते गाव सोडून अन्यत्र गेलेल्याला. त्यामुळे एकच आडनाव धारण करणारी दोन माणसे, एक गावाचा मालक व दुसरा त्याच गावातून परागंदा झालेल्या कुळाचा वंशज, अशी असणे सहज शक्य होते.

वॉशिंग्टन या आडनावाचा पहिला ठळक धागा डरहॅमचा बिशप ह्यू द प्युझे याने ११८३ साली करविलेल्या ‘बोल्डन बुक’ या जमीन-पाहणीत सापडतो. या पाहणीची मूळ प्रत उपलब्ध नाही, नंतरच्या नकला तेवढ्या उपलब्ध आहेत. त्यांतील नोंदीचा आशय असा, की विल्यम द हर्टबर्न याने आपल्याकडील हर्टबर्न हे गाव बिशपला सोडून दिले व त्याच्या बदल्यात वॉशिंग्टन गाव घेतले, मात्र तेथील चर्च व चर्चची जमीन वगळून. त्यासाठी त्याने चार पौंड द्यावयाचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीत चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहावयाचे होते. जमीनधारणेच्या अटीत कुत्र्यांची संख्या नोंदविलेली पाहून आज गंमत वाटते, परंतु सरंजामी व्यवस्थेत सेवा हाही खंडच होता.

या नोंदीतील महत्त्वाची गोष्ट अशी, की गावाची अदलाबदल होताच नावाचीही अदलाबदल झाली. हर्टबर्नचा विल्यम ‘द वेसिंग्टन’ झाला. त्याचे पहिले नावही स्थलवाचक होते, दुसरेही स्थलवाचक झाले, आणि दोहोंमध्ये त्याच्या रक्तात काहीच बदललेले नव्हते. बाराव्या शतकात हे नाव आजच्या अर्थाने आडनाव नव्हतेच. तो पत्ता होता आणि त्याचबरोबर मालकीचा दाखलाही होता. पुढच्या पिढ्यांनी तेच नाव, गाव हातात असतानाही व नसतानाही, चालू ठेवले तेव्हा त्याचे आडनाव झाले. इंग्लंडमध्ये ही प्रक्रिया पंधराव्या शतकाच्या आरंभापर्यंत बव्हंशी पूर्ण झाली होती. उत्तरेकडे ती काहीशी रेंगाळली.

याच ठिकाणी डरहॅमच्या मठाचा अधिपती जॉन वेसिंग्टन याचा उल्लेख करणे उचित होईल. तो १४१६ ते १४४६ या काळात त्या पदावर होता. नामसादृश्यावरून त्याला सरळ त्याच घराण्यात बसविण्याचा मोह अनेकांना झाला. परंतु मठात प्रवेश करणारा साधू आपल्या जन्मगावाच्या नावाने ओळखला जाण्याची प्रथा सर्वपरिचित होती. तेव्हा केवळ नावावरून तो जहागिरदारांच्या घराण्यातला होता असे सिद्ध होत नाही.

गावापासून दूर

डरहॅममधील मूळ शाखेचा पुरुषवंश चौदाव्या शतकाच्या अखेरीस संपला व गाव कन्येच्या विवाहामुळे मॅलरी घराण्याकडे गेले. १६१३ साली ते पुन्हा डरहॅमच्या बिशपलाच विकले गेले. ज्याच्याकडून अदलाबदलीत मिळाले होते त्याच गादीकडे चारशेहून अधिक वर्षांनी ते परतले. गाव गेले तरी नाव मात्र धाकट्या शाखांबरोबर प्रवास करीत राहिले होते. त्यांपैकी एक शाखा लँकेशायरमधील वॉर्टन येथे स्थिरावली. तेथील लॉरेन्स वॉशिंग्टन दक्षिणेस नॉर्दम्प्टन येथे आला, लोकरीच्या व्यापारात त्याने पैसा मिळविला आणि १५३२ व १५४५ असा दोनदा तो त्या नगराचा महापौर झाला.

आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यावर चर्चच्या जमिनी बाजारात आल्या. १५३९ साली लॉरेन्सने सुलग्रेव्ह हे गाव राजसत्तेकडून विकत घेतले. पूर्वी ते नॉर्दम्प्टनच्या सेंट अँड्र्यू मठाकडे होते. किंमत पडली ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्स. विल्यमने गाव बदलले तेव्हा नाव बदलले. लॉरेन्सने गाव विकत घेतले तेव्हा मात्र तो ‘सुलग्रेव्ह’ झाला नाही, वॉशिंग्टनच राहिला. साडेतीनशे वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन व्यवहारांची तुलना केली असता ‘पत्ता’ आणि ‘आडनाव’ यांतील फरक जितका स्पष्ट होतो, तितका तो कोणत्याही व्याख्येने होणार नाही.

या घराण्याचे कुलचिन्हही प्रसिद्ध आहे : पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन तांबडे आडवे पट्टे व वर तीन तांबड्या चांदण्या. अमेरिकेच्या राष्ट्रध्वजातील तारे व पट्टे यावरूनच आले, असे अनेक लोकप्रिय पुस्तकांत लिहिलेले आढळते. त्यास समकालीन पुरावा नाही. १९३८ साली स्वीकारलेला कोलंबिया जिल्ह्याचा ध्वज मात्र खरोखरच या कुलचिन्हावर आधारलेला आहे.

व्हर्जिनिया

सुलग्रेव्हच्या लॉरेन्सपासून चौथ्या पिढीतील दुसरा लॉरेन्स वॉशिंग्टन हा ऑक्सफर्ड येथील ब्रेझनोज महाविद्यालयाचा फेलो होता. पुढे तो एसेक्समधील पर्ली येथे धर्मोपदेशक झाला. यादवी युद्धात तो राजाच्या बाजूचा समजला गेला आणि १६४३ साली पार्लमेंटने त्याला पदावरून दूर केले. मद्यगृहांत वारंवार जाण्याचा आरोपही त्याच्यावर ठेवण्यात आला होता. राजकीय विरोधकाला हटविताना चारित्र्याचा मुद्दा पुढे करण्याची रीत जुनीच आहे, त्यामुळे आरोप कितपत गंभीरपणे घ्यावा हे वाचकांनी ठरवावे. उत्पन्न गेल्याने कुटुंबाची घडी मात्र विस्कटली.

त्याचा पुत्र जॉन १६५६ च्या सुमारास एका व्यापारी जहाजावर नोकरीस लागून व्हर्जिनियात आला. ते जहाज पोटोमॅक नदीत गाळात रुतले आणि जॉन तेथेच राहिला. तंबाखूची शेती, जमीन, गुलाम ही त्या वसाहतीतील प्रतिष्ठेची साधने होती आणि या कुटुंबाने ती क्रमाक्रमाने मिळविली. जॉनचा पणतू म्हणजे १७३२ साली जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन.

विशेष म्हणजे ज्यांच्यामुळे हे आडनाव जगभर पोहोचले, त्यांना स्वतःला त्याच्या उगमाविषयी फारसे कुतूहल नव्हते. इंग्लंडमधील कुलचिन्हांच्या नोंदी ठेवणारे प्रमुख अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी १७९१ साली पत्र पाठवून त्यांच्याकडे घराण्याची माहिती मागितली. मे १७९२ मध्ये दिलेल्या उत्तरात, या विषयाकडे आपण फार थोडे लक्ष दिले आहे, अशी कबुली अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी दिली. पूर्वज इंग्लंडच्या उत्तरेकडील कोणत्या तरी परगण्यातून आले, एवढेच त्यांना ऐकून माहीत होते. वंशाभिमानाचा शोध घेतला तो पुढच्या पिढ्यांनी. इंग्लंड व अमेरिका यांच्यातील शांततेच्या शंभर वर्षांचे स्मारक म्हणून १९१४ साली सुलग्रेव्हचे घर लोकवर्गणीतून विकत घेण्यात आले. डरहॅमकडील मूळ गावातले जुने घर एकोणिसाव्या शतकात अनेक गरीब भाडेकरूंच्या वस्तीचा वाडा बनले होते. १९३० नंतरच्या दशकात ते पाडण्याच्या बेतात असता स्थानिक लोकांनी वाचविले, १९५५ साली ते लोकांसाठी उघडले गेले आणि आज ते नॅशनल ट्रस्टकडे आहे. १९७७ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी या गावास भेट दिली.

आडनावापासून पुन्हा गावाकडे

गावाने माणसाला नाव दिले, येथपर्यंतचा प्रवास कोणत्याही स्थलवाचक आडनावाचा असू शकेल. वॉशिंग्टनच्या बाबतीत मात्र तो उलट दिशेनेही झाला. सप्टेंबर १७९१ मध्ये नव्या राजधानीला ‘वॉशिंग्टन नगर’ असे नाव देण्यात आले. १८५३ साली वायव्येकडील प्रदेशाला ‘कोलंबिया’ हे नाव सुचविले गेले होते, परंतु कोलंबिया जिल्ह्याशी घोटाळा होईल म्हणून ‘वॉशिंग्टन’ पसंत करण्यात आले. आज राजधानी व राज्य यांत विद्यार्थ्यांचा जो घोटाळा होतो तो पाहता हा निर्णय कितपत दूरदृष्टीचा होता, हा प्रश्नच आहे. १८८९ साली हा प्रदेश राज्य झाला.

याच काळात आणखी एक बदल घडला, आणि पुढील विवेचनासाठी तो अधिक महत्त्वाचा आहे. आडनाव हे पाळण्यातले नाव बनले. १७८३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग हे त्याचे ठळक उदाहरण. गोऱ्या कुटुंबांप्रमाणेच गुलामांमध्येही हे पहिले नाव म्हणून प्रचलित झाले. गावापासून आडनाव, आडनावापासून व्यक्तिनाम, अशा दोन पायऱ्या येथवर झाल्या होत्या. तिसरी पायरी गुलाममुक्तीनंतरची आहे.

मुक्तांचे आडनाव

अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाच्या १,६३,०३६ व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ९० टक्के व्यक्ती कृष्णवर्णीय होत्या. अमेरिकेतील सर्वाधिक प्रचलित आडनावांत इतके मोठे प्रमाण दुसऱ्या कोणत्याही आडनावाचे नव्हते. एका नॉर्मनकालीन जहागिरीचे नाव प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांचे आडनाव कसे झाले, हा या आडनावाच्या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

मालकाचे नाव गुलामाला मिळाले, या स्पष्टीकरणाला आधार अवश्य आहे. गाम्बिया नदीच्या परिसरात जन्मलेला हॅरी नावाचा गुलाम १७६३ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी विकत घेतला. स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाल्यावर, १७७६ साली, तो ब्रिटिशांकडे पळून गेला. १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडणाऱ्या कृष्णवर्णीयांची जी नोंदवही ब्रिटिशांनी केली, तीत तो हॅरी वॉशिंग्टन या नावाने आढळतो. तेथून तो नोव्हा स्कॉशियास व १७९२ साली सिएरा लिओनला गेला. १८०० साली तेथील वसाहतीच्या कारभाराविरुद्ध झालेल्या उठावात सामील झाल्याबद्दल त्याला हद्दपार करण्यात आले. स्वातंत्र्याच्या सेनापतीपासून पळालेल्या माणसाने त्याच सेनापतीचे नाव घेऊन दुसऱ्या खंडात बंड करावे, यावर अधिक भाष्याची गरज नाही.

परंतु हॅरीच्या उदाहरणावरून लाखभर लोकांचा हिशेब लागत नाही. १७९९ साली माउंट व्हर्नन येथे ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ जणच जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मालकीचे होते. उरलेल्यांपैकी बहुतेक पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीचे होते. स्वतःच्या मालकीच्या गुलामांना पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त करावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले. मार्था यांनी त्यांना १ जानेवारी १८०१ रोजीच मुक्त केले. शिवाय तेथील सर्वच गुलाम वॉशिंग्टन हे नाव लावीत होते असेही नाही. त्यांचा सर्वाधिक परिचित सेवक विल्यम ली याने पूर्वीच्या मालकाचे नाव शेवटपर्यंत ठेवले. वॉशिंग्टन घराण्याच्या व्हर्जिनियातील इतर शाखांकडेही गुलाम होते, हे जमेस धरले तरी संख्येतील तफावत भरून निघत नाही.

येथे साधनांचा प्रश्न उपस्थित होतो. १८५० व १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव लिहिलेले असे, आणि त्याखाली गुलामांचे केवळ वय, लिंग व वर्ण. नाव नाही. १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली आणि पूर्वीचे गुलाम नावानिशी प्रथम नोंदविले गेले ते १८७० च्या जनगणनेत. (याच काळात, १८७३ साली, महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.) १८६५ ते १८७० या पाच वर्षांत लक्षावधी माणसांनी सरकारी कागदावर प्रथमच आडनाव सांगितले. काहींची आडनावे आधीपासून आपसांत वापरात होती, पण मालकाच्या वहीत ती नव्हती. काहींनी जुन्या मालकाचे नाव ठेवले, काहींनी ते मुद्दाम टाकले, आणि राष्ट्राच्या पहिल्या अध्यक्षाचे नाव घेणारे अनेक होते. नव्या नागरिकत्वाला शोभेल असे नाव म्हणून ते घेतले गेले असणे स्वाभाविक वाटते. जेफरसन आडनावाच्या लोकांतही २००० साली सुमारे ७५ टक्के कृष्णवर्णीय होते, हे येथे लक्षात घ्यावे.

बुकर वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र १९०१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. या प्रक्रियेविषयी त्यात त्यांनी जे लिहिले आहे ते अभ्यासकांना विशेष मोलाचे आहे. ते सांगतात, की मुक्त झाल्यावर दोन गोष्टी केल्याच पाहिजेत असे लोकांना वाटत होते : नाव बदलणे, आणि निदान काही दिवस तरी जुना मळा सोडून जाणे. माजी मालकाचे आडनाव लावणे त्यांना योग्य वाटत नसे. पुष्कळांनी नाव व आडनाव यांच्या मध्ये एक आद्याक्षरही घालून घेतले. ते कशाचे संक्षिप्त रूप आहे हे त्यांनाही ठाऊक नसे, आपला तो हक्क आहे एवढे मात्र त्यांना ठाऊक होते.

स्वतः बुकर व्हर्जिनियातील ज्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मले, त्याचा मालक बरोज नावाचा होता. म्हणजे मालकाचे आडनाव घेतले असते तर ते बुकर बरोज झाले असते. मुक्तीनंतर त्यांची आई मुलांना घेऊन वेस्ट व्हर्जिनियातील मॉल्डन येथे सावत्र वडिलांकडे गेली. त्या सावत्र वडिलांचे नाव होते वॉशिंग्टन फर्ग्युसन. येथे वॉशिंग्टन हे व्यक्तिनाम आहे, आडनाव नव्हे. बुकर शाळेत गेले तेव्हा हजेरीच्या वेळी इतर मुले दोन-दोन, कोणी तीनसुद्धा नावे सांगू लागली. त्यांना तोवर ‘बुकर’ याखेरीज दुसरे नाव नव्हते. आपली पाळी येईपर्यंत त्यांनी विचार केला आणि गुरुजींनी विचारताच, जणू जन्मापासून तेच नाव असावे अशा शांतपणे, ‘बुकर वॉशिंग्टन’ असे उत्तर दिले. आडनावापासून व्यक्तिनाम झाले होते, ते या क्षणी पुन्हा आडनाव झाले. आईने लहानपणी आपले नाव बुकर टॅलिआफेरो असे ठेवले होते, हे त्यांना पुढे कळले. तेव्हा त्यांनी तेही मध्ये घातले. त्यांच्या नावातील ‘टी.’ हे अक्षर त्या टॅलिआफेरोचे आहे.